बाकडं, पेटी आणि मृदंग: शाळेतल्या दशावताराच्या नोंदी

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

विधानसभेचं मतदान २० तारखेला झालं. आमच्या शाळेत केंद्र होतं, त्यामुळे गेला आठवडा त्यातच गेला. आज भिंतीवरचे कागदी बाण काढले आणि पाचवी ते सातवीच्या १९ मुलांना पडवीत बसवून स्नेहसंमेलनाचा विषय काढला.

दरवर्षीचं ठरलेलं असतं. मोबाईलवर गाणं लावायचं, व्हिडिओ बघून स्टेप्स बसवायच्या, पंधरा दिवसांत नाच तयार. मुलं आनंदानं नाचतात, पालक फोटो काढतात. मला त्या आनंदाबद्दल काही म्हणायचं नाही. पण सहा वर्षं हेच केल्यावर एक प्रश्न छळायला लागला आहे. या पंधरा दिवसांत मूल शिकलं काय? सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते हे त्याला कळलं का? आपला आवाज कुठल्या पट्टीत नीट लागतो हे कळलं का? ‘कला’ विषयाच्या वर्णनात्मक नोंदीत मी लिहिते, ‘नृत्यात उत्साहाने सहभागी होतो’. एकोणीस मुलांपुढे एकच वाक्य.

यंदा दशावतार करायचा. आम्ही कुडाळ तालुक्यात आहोत, हे नाटक इथल्या प्रत्येक देवळासमोर होतं, आणि शाळेत मात्र त्याचा पत्ता नाही. दोन नियम केले. रेकॉर्ड केलेलं संगीत नाही, आणि लिहिलेली संहिता नाही. दुसरा नियम माझा नव्हे, दशावताराचाच आहे. आख्यान ठरतं, कुणी कधी यायचं ते ठरतं, आणि संवाद नट उभ्या उभ्या बोलतो.

मुख्याध्यापकांनी विचारलं, “बाई, संहिता नाही तर मी तपासू काय?” प्रश्न रास्त आहे. म्हणून ही वही. मुलांची नावं हिच्यात लिहिणार नाही, भूमिकेनं ओळखेन.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

अर्धा वर्ग पेंगत होता. काल शेजारच्या गावची जत्रा झाली. कार्तिकी पौर्णिमा झाली की इथे एकामागून एक गावाच्या जत्रा लागतात आणि रात्रभर दशावतार चालतो. एरवी मी रागावले असते. आज विचारलं, काय काय बघितलंत, क्रमानं सांगा.

मुलांनी जे सांगितलं ते मी कुठल्याही पुस्तकाशिवाय फळ्यावर लिहीत गेले. आधी आडदसर, म्हणजे आख्यानाआधीचा दरवेळचा ठरलेला भाग. गणपती येतो, सोबत रिद्धी-सिद्धी. भटजी पूजा सांगायला येतो. मग सरस्वती, ब्रह्मदेव. मग संकासुर, वेद पळवणारा, काळ्या वेशातला, लोकांना हसवणारा. विष्णू त्याला मारतो. त्यानंतर आख्यान, म्हणजे त्या रात्रीची मुख्य गोष्ट. पहाटे दहीकाला. सगळं नेपथ्य म्हणजे एक बाकडं; तेच सिंहासन, तेच कैलास, तेच अरण्यातला दगड.

पुढच्या जत्रेसाठी गृहपाठ दिला: नटाकडे बघू नका, पेटीवाल्याकडे बघा.

३ डिसेंबर, मंगळवार

गृहपाठाचं उत्तर पाचवीतल्या मुलानं दिलं. “बाई, पेटीवालो पेटीकडे बघणाच नाय. तो नटाच्या तोंडाकडे बघता.”

हे एवढंच मला हवं होतं. बोटांना पट्ट्या पाठ असतात; डोळे आणि कान नटाकडे, कारण नट कुठल्या शब्दावर थांबणार हे कुणालाच आधी माहीत नसतं. तो थांबला की त्याच शब्दाच्या शेपटाला सूर लागतो आणि पद सुरू होतं.

आख्यान ठरलं: भस्मासुर आणि मोहिनी. गोष्ट सर्वांना ठाऊक, पात्रं मोजकी, आणि मुख्य म्हणजे हिचा निकाल नाचात लागतो. मोहिनी नाचते, भस्मासुर तिची नक्कल करतो आणि स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून भस्म होतो. इथला नाच काढला तर गोष्टच उरत नाही.

पहिला प्रयत्न मात्र फसला. शंकर आणि पार्वतीला बाकड्याजवळ उभं केलं आणि म्हटलं, बोला. पार्वती मान खाली घालून चार मिनिटं उभी. मी थांबले, मग तिला जवळ घेऊन विचारलं. हळूच म्हणाली, “बाई, माका पुस्तकातला बोलूक येत नाय. आणि शाळेत मालवणी बोलूचा नाय.”

ही सूचना तिला कधी, कुणी दिली ते मी विचारलं नाही. मी मूळची कोल्हापूरची. पहिल्या वर्षी मीसुद्धा ‘नीट मराठीत सांगा’ असं किती वेळा म्हटलं असेल. ते वाक्य या मुलीच्या कानात इतकी वर्षं बसून राहिलं असेल तर त्यात माझाही वाटा आहे.

७ डिसेंबर, शनिवार

बुवा आले. एका दशावतारी कंपनीत तीसेक वर्षं पेटी वाजवून, गाऊन आता गुडघ्यामुळे घरी असतात. येताना स्वतःची पायपेटी, म्हणजे पायानं भाता हलवायची पेटी, रिक्षात घालून आणली.

त्यांनी सवयीनं काळी एक धरली, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा मानली. मुलं त्यात गायला लागली आणि वरच्या षड्जाला पोचेपर्यंत सगळ्यांच्या मानेच्या शिरा ताठ. गाणं संपलं, ओरडणं उरलं. बुवांची पट्टी पुरुषाच्या गळ्याची. तीच मुलांनी एक सप्तक वर उचलली की तारषड्ज त्यांच्या आवाक्याच्या टोकाला जातो. मी म्हटलं, काळी चार करून बघू या. लगेच फरक पडला. पंचम सहज, वरचा सा मोकळा, आणि खालीही थोडी जागा. आजवर दरवर्षी आम्ही मुलांना गाण्याच्या मूळ पट्टीत ओढत होतो, आणि ‘हिला सूर नाही, त्याला सूर नाही’ म्हणत होतो! पट्टी चुकीची होती, मुलं नव्हेत.

सातवीतला एक मुलगा मात्र काळी चारमध्येही अडतो. त्याचा आवाज फुटतो आहे. कधी जाड, कधी मध्येच चिरका, आणि तो लाजून गप्प बसायला लागला होता. बुवांनी त्याला शेजारी बसवून सांगितलं, की नव्या आवाजाला जागा करून द्यायची, ताणायचं नाही, खालच्या सुरात हळू गुणगुणत राहायचं. “आवाज जाणा नाय, घर बदलता,” म्हणाले. तोच आमचा संकासुर. संकासुराचा आवाज जितका वाकडातिकडा तितका चांगला, हे त्यानंच शोधून काढलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पार्वतीच्या अडचणीवर उत्तर दशावतारातच होतं, मला दिसायला दहा दिवस लागले.

या नाटकात दोन भाषा शेजारी शेजारी नांदतात. देव आणि राजे ग्रांथिक मराठी बोलतात, अगदी ‘हे प्रिये’, ‘तथास्तु’ थाटाची. संकासुर मालवणी बोलतो. कोणाची भाषा खालची आणि कोणाची वरची, असा प्रश्न तिथे येत नाही. संकासुर मालवणीत ब्रह्मदेवालासुद्धा निरुत्तर करतो आणि समोरचा गाव त्याच्या बाजूनं हसतो.

मग वर्गात खेळ सुरू केला. गोष्ट आधी मालवणीत सांगायची, हवी तशी, घरी आजीला सांगाल तशी. मग तीच राजाच्या तोंडची करायची. “माका वर दी” याचं “देवाधिदेवा, मजला वर द्यावा” कसं होतं? “मी तुका सोडूचंय नाय” याचं? मागच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शब्द जमायला लागले. त्रिभुवन, अभय, अवज्ञा, उन्मत्त, विनाश, शरण. हे शब्द मुलांनी जत्रेत ऐकलेले होते, अर्थासकट. मराठीच्या तासाला मी शब्दार्थ लिहून देत होते तेव्हा मात्र हेच शब्द त्यांना परके वाटत.

भस्मासुराची भूमिका सातवीतल्या उंच मुलीनं मागितली. परंपरेनं दशावतारात सगळी कामं पुरुष करतात. बुवांना विचारलं तर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पाय घट्ट टाकूचो. बाकी काय?”

१९ डिसेंबर, गुरुवार

मृदंग आला. वाजवणारे आबा, वय पंच्याहत्तरच्या पुढे. आजचा तास वाजवण्याचा नव्हताच, कणकेचा होता.

मृदंगाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडावरच्या कातड्याला, ओली कणीक लावतात, त्याशिवाय त्यातून खर्ज, म्हणजे खालचा घुमणारा सूर, निघत नाही. आबांनी पोषण आहाराच्या ताईंकडून मूठभर पीठ मागून घेतलं. पाणी किती घालायचं, किती मळायचं, पुडीच्या मध्यावर केवढी चकती थापायची, हे मुलांनी हातानं केलं. कमी लावली की आवाज कोरडा, जास्त लावली की बसका. एक गोळा लावला, वाजवून पाहिला, खरवडला, पुन्हा लावला. सातवीचा एक मुलगा शेवटपर्यंत उठला नाही. मधली सुट्टी झाली, जेवण झालं, तो तिथेच. विज्ञानात ध्वनीचा धडा आहे. वस्तुमान वाढलं की कंपनं मंदावतात हे त्या मुलाला आता मला वेगळं सांगावं लागणार नाही. सूत्रावर नेण्याची घाई मी केली नाही. आधी कानाला कळलं आहे, तेवढं पुरे.

तोच आमचा मृदंगी. घरी ताटावर सराव करतो म्हणून आईची तक्रार आली.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

पद हवं होतं, मोहिनीचं. कंपनीचं पद उचलण्यापेक्षा मुलांनीच रचावं असं ठरलं. ताल केरवा, आठ मात्रांचा. टाळीवर मोजत मोजत फळ्यावर हे उतरलं:

पाय जसा मी टाकिन तैसा
टाक तुझा तू पाय

पहिली ओळ सोळा मात्रांची, केरव्याची बरोबर दोन आवर्तनं. दुसरी अकराच मात्रांची. पाच कमी पडतात. मी खोडरबर उचलला होता, ओळ लांबवू या म्हणून. तेवढ्यात सहावीतली मुलगी म्हणाली, “बाई, थय पाय वाजवूचे.” रिकाम्या पाच मात्रांत मोहिनीच्या चाळांचा, म्हणजे पायातल्या घुंगरांचा, आवाज, आणि त्याच मात्रांत भस्मासुराचं उत्तर. शब्द थांबतात तिथे नाच बोलतो. मी ओळ तशीच ठेवली.

पुढची ओळ आपोआप आली: ‘हात जसा मी ठेविन तैसा, ठेव तुझा तू हात’. पुन्हा सोळा आणि अकरा. चाल बुवांनी भूपात बांधली. पाचच स्वर, मध्यम-निषाद नाहीत, म्हणून नव्या गळ्याला घसरायला जागा कमी.

९ जानेवारी, गुरुवार

आज मन खट्टू झालं. मोहिनीचं काम सातवीतला एक मुलगा करतो आहे. त्याचा काका एका कंपनीत स्त्रीपार्ट करतो, आणि या मुलाच्या चालीत, मान वळवण्यात जे आहे ते इतर कुणाच्यात नाही. त्यानं स्वतः मागितलं, मी दिलं. आज मधल्या सुट्टीत दोघातिघांनी त्याला चिडवलं. तो दप्तर घेऊन घरी गेला.

बुवांना सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. तालीम सुरू होताना चिडवणाऱ्या तिघांना बाकड्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, लुगडं नेसलेल्या बाईसारखं पाच पावलं चालून दाखवा. हसू नको, हसवू नको. पाच पावलं. एकालाही जमलं नाही. मग त्यांनी बसल्या जागी, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, नुसत्या मानेनं आणि एका हातानं पदर सावरून दाखवला. पडवी शांत. “ह्या शिकाक माझी पंधरा वर्षां गेली,” एवढंच म्हणाले. स्त्रीपार्टी नटाला रात्रभर अंग, आवाज, नजर एकाच वेळी सांभाळावी लागते. कंपनीचं नाव त्याच्यावर चालतं.

संध्याकाळी मी आणि चिडवणाऱ्यांपैकी एक जण मोहिनीच्या घरी गेलो. त्यानं काय म्हटलं ते लिहीत नाही. मोहिनी उद्या येणार आहे.

१८ जानेवारी, शनिवार

गेले आठ दिवस रोज दहा मिनिटं आरशाचा खेळ. दोघं समोरासमोर, एक हलेल तसं दुसऱ्यानं हलायचं. आधी अगदी संथ, मग केरव्याच्या लयीत, मग दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगात. पुढाकार कोणाचा आणि नक्कल कोणाची हे बघणाऱ्याला ओळखू येता कामा नये. नाचात पाय टाकायला मी शिकवू शकते. समोरच्याच्या खांद्यात हालचाल जन्मते ती क्षणभर आधी ओळखणं हे याच खेळातून येतं.

आज भस्मासुरानं मध्येच नाच थांबवला. “बाई, वरदान खंयच्या हाताक होता? उजव्या काय डाव्या?”

कुणालाच सांगता येईना. मुलांनी ठरवलं, उजवा. वर उजव्या हातालाच मिळणार. पण मग अडलं. मोहिनी डोक्यावर उजवा हात ठेवते, समोरचा भस्मासुर आरशासारखा डावा हात ठेवतो, आणि काहीच होत नाही! नाच पुन्हा पहिल्यापासून बसवायचा की काय, या विचारात मी होते. मोहिनी शांतपणे म्हणाली, “तो माझ्या समोर उभो आसा. मी डावो हात ठेवलंय तर तेचो उजवो येतलो.”

आणि मग तिनंच पुढे सुचवलं. सगळा नाचभर मोहिनीनं उजवा हात वापरायचा, भस्मासुराला डाव्याची सवय लावायची. कमरेवर उजवा, खांद्यावर उजवा, कपाळाशी उजवा. आणि शेवटच्या आवर्तनात, पाच रिकाम्या मात्रांत, एकदम डावा. म्हणजे बघणाऱ्याला आधी वाटेल की राक्षस वाचला.

नऊ जानेवारीला दप्तर घेऊन घरी गेलेला हा मुलगा. मी पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिले.

२७ जानेवारी, सोमवार

प्रजासत्ताक दिन कालच झाला. आजची तालीम वाईट. संकासुर एकटाच बावीस मिनिटं बोलला. लोक हसतील म्हणून थांबेचना. शंकर दमला. मृदंगाची कणीक वाळली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. नियम केला: बोलणाऱ्यानं थांबायच्या आधी पेटीकडे एक पाऊल टाकायचं, म्हणजे बुवांना आणि समोरच्या पात्रालाही कळेल. खुणेची भाषा सर्व कंपन्यांमध्ये काही ना काही असतेच, असं बुवा म्हणाले.

५ फेब्रुवारी, बुधवार

मुकुट पुठ्ठ्याचे, वर बेगड. तलवारी आंब्याच्या फळीच्या. मोहिनीचं लुगडं तिच्या आजीचं. चाळ आबांनी दिले.

८ फेब्रुवारी, शनिवार

प्रयोग संध्याकाळी सात वाजता सुरू झाला, शाळेच्या पटांगणात. एकच बाकडं.

आडदसर ठीक. गणपती आला तेव्हा पुढे बसलेल्या बायांनी हात जोडले; शाळेचं संमेलन आणि देवळासमोरचा खेळ यांतला फरक तेवढ्यापुरता राहिला नाही. संकासुर नऊ मिनिटांत आटपला आणि त्याचा फुटलेला आवाज गावाला फार आवडला.

मग अडलं. शंकरानं वर दिला, भस्मासुर गर्जत आत गेला, आता नारद येऊन बातमी देणार. नारद येईना. मागे त्याची दाढी सुटली होती आणि डिंक सापडत नव्हता. मी विंगेत होते. विंग म्हणजे बांबूला बांधलेली चादर. बुवांनी पेटीवर सूर धरून ठेवला. रंगमंचावर शंकर आणि पार्वती दोघंच. शंकरानं माझ्याकडे पाहिलं. मी काहीही करू शकत नव्हते, कारण पुढचं वाक्य कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पार्वती बाकड्यावरून उठली. “नाथ, मागेल त्याला आपण वर देता. देण्यापूर्वी, याचे तू काय करणार, एवढा एक प्रश्न का नाही विचारीत?”

शंकर गडबडला, पण ऐकत होता. “पार्वती, त्याने इतके दिवस तप केले. त्याच्यावर अविश्वास कसा दाखवू?”

“तप केले म्हणून तो शहाणा कसा झाला?”

पटांगणात बायकांच्या बाजूनं जोरात हशा आणि टाळ्या. तिला त्याची अपेक्षा नव्हती, ती क्षणभर थांबली आणि मग तिच्या तोंडून एकदम निघालं, “सांगा ना, कित्याक दिलास?” ‘का दिलात’ म्हणायचं ते देवीच्या तोंडी मालवणीत. तालमीत ती इथे गोंधळली असती. आज तिनं मान तशीच ताठ ठेवली, आणि पेटीकडे एक पाऊल टाकलं. बुवांनी ‘दिलास’च्या शेवटावरच सूर उचलला. मृदंगाची थाप समेवर पडली. चार मिनिटं, मी घड्याळ पाहिलं. दाढी चिकटली, नारद आला.

शेवटचा नाच ठरल्यासारखा झाला. कपाळाशी उजवा, भस्मासुराचा डावा. लोक निवांत. मग पद थांबलं, पाच मात्रा, आणि मोहिनीचा डावा हात वर. भस्मासुराचा उजवा हात डोक्यावर पडला तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी “गेलो!” असं ओरडलं. ती मुलगी बाकड्यावरून अशी कोसळली की तिची आई उठून उभी राहिली.

मोहिनीचा काका आला होता. त्याच रात्री त्याच्या कंपनीचा दुसऱ्या गावी प्रयोग होता, त्यामुळे अर्धा चेहरा रंगवूनच तो कडेला उभा होता. नाच संपल्यावर तो पुतण्याजवळ गेला, काही बोलला नाही, त्याच्या लुगड्याचा काष्टा ओढून नीट केला आणि मोटरसायकलवर बसून गेला.

१० फेब्रुवारी, सोमवार

कलेच्या वर्णनात्मक नोंदी लिहायला बसले. एकोणीस मुलं, एकोणीस वेगळी वाक्यं. पार्वतीपुढे लिहिलं: ‘चार मिनिटे संवाद सांभाळला, समोरच्याच्या वाक्यातून पुढचा प्रश्न काढते’. संकासुरापुढे: ‘आवाज बदलतो आहे, खालच्या सुरात गुणगुणण्याचा सराव चालू ठेवावा, वरचा सूर ओढायला लावू नये’. हे पुढच्या शाळेतल्या शिक्षकांनी वाचावं म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिलं. मुख्याध्यापकांनी ही वही मागून घेतली आहे, वाचून परत देतो म्हणाले.

पार्वतीच्या प्रश्नाला शंकरानं अजून उत्तर दिलेलं नाही. मुलं आज पडवीत त्याच्यावरच वाद घालत होती, निम्मी मालवणीत, निम्मी देवांच्या भाषेत. मी मध्ये पडले नाही.

दुपारी मृदंग परत द्यायचा होता. मृदंगी मुलानं डाव्या पुडीवरची कणीक नखांनी खरवडली, ओल्या फडक्यानं पुडी पुसली आणि चाळांसकट सगळं गोणपाटात गुंडाळलं. बुधवारी आबांना एका जत्रेत बसायचं आहे. मुलाच्या आईशी बोलणं झालं: तो बरोबर जाणार, मागे बसणार, आणि कणीक तोच मळणार.